सांगाव्याची भाकरी

हे घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी वाचू नये. कुणाला पटवायची हौस मला नाही.

रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. भर दुपार होती. १९९८ सालचा मे महिना. जुन्नर तालुक्यातलं आमचं आणे गाव. आणि मी आमच्या एसटीडी बूथमध्ये बसले होते.

बूथ अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. सोपान त्यांचं नाव. गावातला पहिला बूथ, आणि तो आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसाचा. काहींच्या डोळ्यांत ते सलत होतं. मला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. माझी बारावी झाली होती, दिवसभर तिथं मीच बसायची.

त्या दुपारी बयाबाई धापा टाकत आल्या. मोठ्या बागायती घरातली, सत्तरीची बाई.

"प्रज्ञा, ममईला फोन लाव. माझा भाऊ गेला ना?"

"कुणी सांगितलं, आज्जी?"

"तुमीच तर माणूस धाडला. पायरीखाली उभा ऱ्हाऊन सांगून गेला."

मी कुणालाच धाडलं नव्हतं. सकाळपासून फोन वाजलाच नव्हता.

"कोण माणूस?"

"तोंड न्हाई दिसलं, ऊन लई व्हतं. हातात काठी व्हती... घुंगराची."

तेवढ्यात फोन वाजला.

बयाबाईंचा भाचा बोलत होता. त्याचे वडील पाच मिनिटांपूर्वी गेले होते.

बयाबाईंना घरापासून बूथपर्यंत यायला पंधरा मिनिटं लागतात.

घुंगराची काठी आमच्या घरची. माझे आजोबा भागू हे गावचे येसकर होते. गावात कुणी गेलं की पाहुण्यांकडे सांगावा पोचवायचं काम त्यांच्याकडे. बेल्हे, आळे, पारनेर, सगळं पायी. घुंगरू वाजले की लोकांना कळायचं कोण आलंय. पायरीखाली उभं राहायचं, मयताची खबर सांगायची, वरून टाकलेली भाकरी झेलायची आणि निघायचं.

१९५७ साली आजोबांनी धम्म घेतला. त्याच संध्याकाळी ती काठी त्यांनी चुलीत घातली. पुन्हा सांगावा नेला नाही. त्यासाठी मार खाल्ला, तरी नेला नाही. १९८१ साली ते वारले.

मग ती काठी घेऊन कोण फिरत होतं?

माझा संशय सरळ बयाबाईंच्या मुलावर गेला. सावळाराम. दुसऱ्याच दिवशी तो बूथवर आला आणि हसत म्हणाला, "काय सोपानभाऊ, जुनं काम परत धरलं म्हनं."

अण्णा वही उघडून हिशेब लिहू लागले. मला त्यांचा राग आला.

पण महिन्याभरात आणखी दोन घरी तेच झालं. आधी घुंगरू... मग फोन.

त्यातलं एक घर सावळारामशी वैर धरून होतं. त्यांच्या दारात त्यानं पाय ठेवणं शक्य नव्हतं.

आता गाव आमच्याकडे बघू लागलं. यांनीच काहीतरी केलंय म्हणे. बूथवर गिऱ्हाईक फिरकेना. बूथ बंद करा, असा अर्ज ग्रामपंचायतीत गेला. आमचं घर त्याच बूथवर चालत होतं.

त्या संध्याकाळी फुलाबाईंनी, माझ्या आजीनं, अण्णांना समोर बसवलं.

"सोपाना, खरं सांग. तू कुनाच्या दारची भाकरी घेतली का?"

अण्णांनी मान खाली घातली.

"बूथवर पयला फोन मयताचाच आला. बयाबाईच्या नणंदेचा. मीच सांगाया गेलो. म्हातारीनं भाकरी दिली. न्हाई म्हनलो असतो तर म्हनाले असते, फोन आला तर माजला. घेतली."

आजीनं चुलीकडं पाहिलं.

"भाकरी घेतली की काम लागलं. तू सायकलवर बसून घरी आलास. काम कुनाच्या अंगावर पडलं?"

मला भीती वाटली नाही. रडू आलं. आजोबांनी मार खाऊन जे काम सोडलं, ते मेल्यावर आम्हीच त्यांच्या गळ्यात घातलं होतं.

"भाकरी परत कर," आजी म्हणाली. "तिच्या हातात दे. हातात."

सकाळी आजीनं भाकरी थापली. आपल्या हिरव्या लुगड्याचं फडकं फाडून त्यात बांधली. अण्णा आणि मी बयाबाईंच्या दारी गेलो. अण्णांनी सगळं सांगितलं आणि भाकरी पुढं केली.

बयाबाई घाबरल्या होत्या, त्यांना सुटका हवीच होती. त्यांचा हात वर आला. मग त्यांनी दारातल्या सावळारामकडे पाहिलं.

हात खाली गेला.

"ठेव तिथं, पायरीवर."

अण्णांनी ठेवली. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

त्यानंतर घुंगरू कुणालाच ऐकू आले नाहीत. अर्जही बारगळला. मला वाटलं, सुटले आजोबा. २००१ साली आजी गेली, ती तशाच समाधानात.

२००४ साली मी मंचरला शाळेवर शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. दुपारी अण्णा जेवायला गेले, म्हणून बूथवर बसले.

बाहेर आवाज आला.

छुन्न... छुन्न...

पायरीखाली येऊन थांबला.

काचेतून रस्ता स्वच्छ दिसत होता. कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "आजोबा, खाली उभे राहू नका. आत या. बूथ आपलाच आहे."

सांगावा आला नाही.

मग छुन्न... छुन्न... आवाज लांब गेला.

आणि फोन वाजला. सावळाराम होता, दवाखान्यातून.

"प्रज्ञा, आई गेली. अण्णाला सांग, पाहुण्यांकडं..." तो मधेच थांबला. "नको. मीच करतो फोन समद्यांना."

मी दार उघडलं.

पायरीवर भाकरी होती. आजीच्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. त्या फडक्यातून वाफ येत होती.

आजी जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी भाकरीला हात लावला नाही. बूथचं दार ओढून घेतलं आणि मागच्या बाजूनं घरी गेले. अण्णा घरी नव्हते. आई म्हणाली, "जेवून आत्ताच बूथवर गेले की."

मी धावत परत आले. अण्णा बूथमध्ये खुर्चीवर बसले होते. पायरी रिकामी होती.

कुत्र्यानं नेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण कुत्रं फडकं सोडून जात नाही. ते तिथंच होतं... व्यवस्थित घडी घातलेलं.

बूथ आता बंद झालाय. लोकांच्या खिशात मोबाईल आहेत. पण हल्ली अण्णा दुपारी अचानक जेवता जेवता उठतात, चप्पल घालतात आणि दारात जाऊन उभे राहतात. थोड्या वेळानं कुणाच्या तरी मयताचा फोन येतो.

भाकरी कुणी उचलली, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.