थंड चाकांची साक्ष

सहाव्यांदा उतरलेले विमान धावपट्टीच्या पश्चिम टोकाशी थांबले आणि नियंत्रणकक्षाच्या भिंतीवर आठ आकडे उमटले. आठ चाकांचे आठ ब्रेक, आणि प्रत्येकाचे तापमान अडतीस अंश. बाहेर सड्याच्या उघड्या पठारावरचा कातळ याहून अधिक तापला होता.

कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉ. इरावती टिपणीस उठून उभ्या राहिल्या. मान किंचित लववून त्यांनी ते कौतुक स्वीकारले आणि त्यात उगाच संकोच दाखवला नाही. वीस वर्षांच्या कष्टांचे ते माप होते. शंभर टनांचे प्रवासी विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने जमिनीला टेकते, तेव्हा त्याचा वेग मोडण्याचे ओझे बव्हंशी ब्रेकच्या तबकड्यांवर पडते. तबकड्या निखाऱ्यासारख्या फुलतात आणि त्या निवेपर्यंत विमान तासभर अडकून पडते. इरावतीबाईंच्या 'शीतब्रेक'च्या तबकड्या मात्र तापतच नसत. सकाळपासून हे विमान मध्ये क्षणाचीही उसंत न घेता सहा वेळा उतरले होते. असे आजवर कोणी केले नव्हते.

संचालक नाडगौडांनी सातव्या फेरीला परवानगी मागितली. बाईंनी आठ आकड्यांवरून नजर फिरवली आणि ती दिली. कॅप्टन रेवा घारपुरे यांनी विमान वळवले आणि ते पुन्हा आकाशात गेले.

द्रवदाब विभागाचा प्रमुख फैजल मुकादम अंतरमापकाची पट्टी घेऊन आला, तेव्हा बाई चहाचा कप उचलत होत्या. पट्टी बघून त्यांनी तो खाली ठेवला. सहावी फेरी इंजिनांचा उलटा झोत न वापरता, निव्वळ ब्रेकवर घेतली होती. विमान सोळाशे मीटरांत थांबायला हवे होते. ते तेवीसशे मीटर धावले होते. धावपट्टी होती चोवीसशे मीटरांची, आणि तिच्यापुढे कडा व कड्याखाली समुद्र.

"वारा पाठीमागून होता का?" नाडगौडांनी विचारले.

"वाराच नव्हता, साहेब," फैजल म्हणाला. "तेलाचा दाबही पूर्ण होता. दोन्ही पंप ठणठणीत आहेत."

"दाब कुठे मोजतोस तू?" बाईंनी विचारले.

"पंपाशी."

"आणि चाकाशी?"

"तिथे मापक नाही," फैजल म्हणाला. मग नाडगौडांना कळावे म्हणून त्याने सगळे सावकाश सांगितले. वैमानिक पायाने पेडल दाबतो. पंपाने दाबलेले तेल नळ्यांतून चाकापर्यंत जाते आणि तिथले दट्टे ढकलते. दट्टे तबकड्या एकमेकींवर आवळतात. मात्र मध्ये घसरणरोधक झडप असते. चाक जाम होऊन घसरू लागले, की ती क्षणभर तेल सोडून देते आणि पकड सैल करते. मागच्या चार चाकांच्या झडपा खुळावल्या असतील, तर त्या सगळेच तेल सोडून देत असतील. पंपाशी दाब पूर्ण दिसेल, पण चाकाला स्पर्शही होणार नाही.

"पण मग आपल्याला समजलं नसतं का?" नाडगौडा म्हणाले.

"साध्या विमानात समजलं असतं. सगळे ब्रेक तापतात आणि न लागलेला थंड राहतो. वैमानिक तापमान बघूनच मेलेला ब्रेक ओळखतो."

बोलता बोलता फैजलची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर आठ आकडे होते. सारे थंड.

इरावतीबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. ज्या गोष्टीसाठी टाळ्या पडल्या होत्या, तिनेच त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. काम करणारा ब्रेक थंड आणि काम न करणाराही थंड. निरोगी आणि मृत यांची नाडी सारखीच लागत होती, आणि ती त्यांनीच तशी घडवली होती.

"ऊर्जा नाहीशी होत नाही, नाडगौडा," त्या म्हणाल्या. "तबकडीतल्या ताणस्फटिकाची जाळी वाकते आणि ऊर्जा त्या बाकात अडकून राहते. चाप लावलेला उंदराचा सापळा हाताला थंडच लागतो. या आठ तबकड्यांत मिळून बारा उतरणी मावतात. चारच चाकं काम करत असतील, तर त्यांनी प्रत्येक वेळी दुप्पट ओझं उचललं. सहा उतरणींत ती काठोकाठ भरली."

"भरल्यावर?"

"पुढचा वेग सरळ उष्णता होईल. दट्ट्यांजवळचं तेल उकळेल, त्याची वाफ होईल आणि वाफ दाबली की दबते. पेडल तळाला जाईल आणि विमान धावतच राहील."

विमानात रेवा होती, सहवैमानिक होता आणि चार अभियंते होते. चाचणीसाठी वजन हलके ठेवले होते. इंधन चाळीस मिनिटांचे होते आणि दुसरी धावपट्टी त्या टप्प्यात नव्हती.

बाईंनी ध्वनिक्षेपक स्वतःच्या हाती घेतला.

"रेवा, नीट ऐक. विमान धावपट्टीकडे आणू नकोस. चाकं बाहेर काढ आणि समुद्रावर घिरट्या घाल. सापळा हवेतच सोडायचा आहे."

जाळी मोकळी करायची रीत साधी होती. चाक स्थिर हवे, पकड सुटलेली हवी आणि तबकडीला लागोपाठ तीन ठोके बसायला हवेत. कार्यशाळेत ते हातोडीने देत. हवेत हातोडी नव्हती, पण दट्टे होते.

"पेडल तीनदा झटपट दाब आणि लगेच पाय काढ. मग वाऱ्याला तबकड्या निववू दे."

पलीकडे क्षणभर खरखर झाली. पंप बंद पडले, की साठवलेला दाब प्रत्येक दाबागणिक खर्च होतो. म्हणून एकदाच दाबा आणि धरून ठेवा, हे रेवा पंधरा वर्षे शिकवत आली होती.

"बाई, पेडल पंप करणाऱ्या किती शिकाऊंना मी घरी पाठवलंय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पंप चालू आहेत, दाब फुकटचा आहे. आज तू कर."

एक, दोन, तीन. भिंतीवरचे चार आकडे उसळले. दोनशे, चारशे, सहाशे. लाल दिवे लागले आणि घंटा वाजू लागल्या. नाडगौडा घाबरून म्हणाले, की चार ब्रेक निकामी झाले.

"उलट बोलता आहात," बाई म्हणाल्या. घंटांवर त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "जिथे तेल पोहोचतं, तिथेच ठोका पोहोचतो. जळताहेत ते ब्रेक जिवंत आहेत. मेले आहेत ते अडतीस अंशांवर बसले आहेत. फैजल, मागची चारच ना?"

"मागची चारच, बाई." फैजलच्या चेहऱ्यावर हसू फुटले होते. सहा फेऱ्यांत प्रथमच ते विमान खरे बोलले होते.

वीस मिनिटे समुद्रावरचा वारा त्या तबकड्यांवरून वाहिला. लाल दिवे एकेक करून विझले. रिकामे झालेले चार ब्रेक आणि इंजिनांचा उलटा झोत यांवर विमान बावीसशे मीटरांत थांबेल, असे गणित फैजलने मांडले. रेवाने विमान धावपट्टीच्या पहिल्याच रेघेवर टेकवले. बाराशे मीटर, पंधराशे, सतराशे. अठराशेवर ते थांबले.

कक्ष रिकामा झाला. सारे धावपट्टीकडे धावले. नाडगौडांनी तर वाटेत विमानतळाच्या उपाहारगृहातून एक नारळही पैदा केला. रेवा शिडी उतरून आली, तेव्हा चाकांना अडसर लागले होते आणि ब्रेक मोकळे होते.

"आठही अडतीस," नाडगौडा आनंदाने म्हणाले. "मी अहवालात लिहितो, की शेवटी सगळं सुरळीत झालं."

"चारशे मीटर आधी का थांबलं, तेही लिहा," बाई म्हणाल्या.

रेवा म्हणाली, की झोत तिने ठरल्याहून जास्त वापरला नव्हता. फैजल म्हणाला, की शेवटच्या धक्क्याने मागची एखादी झडप ताळ्यावर आली असेल. एक की चारही, हे मात्र त्याला सांगता येईना. आकड्यांकडे पाहून ते कोणालाच सांगता आले नसते.

इकडे नाडगौडा मागच्या डाव्या चाकाशी वाकले होते. दगड हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी चाकाच्या मधोमधच्या लोखंडी तुंब्यावरच नारळ आपटला. पहिल्या ठोक्याला तो फुटला नाही, दुसऱ्याला तडकला. तिसऱ्या ठोक्याला दोन भकले झाली, पाणी चाकावर ओघळले आणि पाहता पाहता चर्र आवाज करत वाफ होऊन उडाले. नाडगौडा चार पावले मागे उडी मारून उभे राहिले.

मागचे चाक जिवंत होते.

इरावतीबाईंनी वाफ विरेपर्यंत त्याकडे पाहिले. मग उरलेल्या सात थंड चाकांवर नजर टाकली आणि फैजलकडे वळल्या.

"यापुढे घडवशील त्या तबकडीत चौथा हिस्सा साधा कार्बन घाल. थोडी तापलीच पाहिजे. शीतब्रेक हे नाव गेलं तरी चालेल."

"आणि आजचं काय, बाई?"

"आज आणखी सात नारळ मागव."