बायजाबाईची कात्री

ही गोष्ट खरी आहे. खरी नसती तर मी सांगितलीच नसती, कारण भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आमच्या घरात भूत, करणी, उतारा, गंडा यातलं काही चालत नाही. छप्पन साली आजीनं दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. त्यामुळे हे लिहितानाही हात आखडतो. पण आमच्याच नातेवाइकांत एक खोटं चाळीस वर्षं फिरतंय आणि ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. म्हणून लिहिते.

साल एकोणऐंशी. मे महिना. नागपुरातली आमची इंदोऱ्याची वस्ती.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे दोन वाजले होते.

आधी आजीबद्दल सांगते. ती कोण होती हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आजीचं नाव बायजाबाई. जन्म नरखेडकडच्या खेड्यातला. तिथल्या विहिरीला तिनं कधी हात लावला नाही, तिला कोणी लावू दिला नाही. कोणी वरून पाणी ओतेल तेव्हा घागर भरायची. नवव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्यामागं नागपूरला आली. नवरा धोंडबा, गिरणीत कामाला. तो गेला तेव्हा ती तिशीची होती आणि पदरात चार लेकरं.

मग तिनं बिड्या वळल्या. एक-दोन नाही, पन्नास वर्षं.

ती डावखुरी होती. तेंदूपानं कापायची कात्री तिनं लोहाराकडून मुद्दाम डाव्या हाताची करून घेतली होती. त्यामुळे तिच्या पानाची तिरपी बाजू सगळ्यांपेक्षा उलट यायची. कारखान्यातला माणूस चिडवायचा, बायजाबाईची बिडी उलटी म्हणून. ती म्हणायची, "ओढणाऱ्याले धूर त सुलटाच येते ना?"

आजीला राग आला की ती बोलत नसे. मागच्या खोलीत सूप घेऊन बसायची आणि पानं कापायची. कात्री जितकी जोरात, तितका राग मोठा. तो आवाज आला की घरातली पोरं गुपचूप पाटी-पुस्तक काढायची.

तिची पहिली मुलगी भागीरथा. ती आठ महिन्यांची असताना आजारी पडली. तेव्हा गावात होते सगळे. सासऱ्यानं भगत बोलावला. भगतानं अंगारा लावला, काहीतरी पुटपुटला, आणि रडणारं लेकरू शांत झालं. "उतरलं," म्हणाला. चार दिवस जागी असलेली आजी तिला कुशीत घेऊन झोपली.

सकाळी लेकरू थंडगार होतं.

हे तिनं मला एकदाच सांगितलं. वर म्हणाली, "लेकरू रडते तवा भ्याचं नाही, उत्तरा. लेकरू चूप झालं का धावाचं."

छप्पन साली तिनं घरातले सगळे देव टोपलीत घातले आणि स्वतःच्या हातानं बुडवून आली. रिकाम्या देवळीत पुढं आमच्या पुस्तकांची चळत लावली. त्या देवांवर तिचा किती राग होता ते मला लहानपणी समजलं नव्हतं.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये आजी गेली. ऐंशी पार केलेली होती. जलदान विधीला सगळी वस्ती आली होती. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ मधुकरराव, बोलायला उभे राहिले. ते कोराडीच्या वीज केंद्रात फोरमन होते. जयंतीला दरवर्षी स्टेजवरून अंधश्रद्धेवर बोलायचे. त्या दिवशी म्हणाले, माझ्या मायनं मला डोळे दिले. माणसं रडली. मीपण रडले.

एप्रिलच्या शेवटी त्यांची मुलगी प्रेमिलाताई बाळंतपणातून उठून दीड महिन्याचं लेकरू घेऊन माहेरी आली. आमचं एकत्र घर होतं.

आणि त्याच आठवड्यात…

कच… कच…

दुपारी, सगळे आडवे झाले की, मागच्या खोलीतून आवाज यायचा.

मी जाऊन पाहिलं. खोली रिकामी. आजीची कात्री पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेली होती तशीच होती. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको कौसल्या, म्हणाली, "घूस असंन वं."

दोन दिवसांनी तिथलं गोणपाट ओलं दिसलं. तेंदूपानं ओली राहावीत म्हणून आजी त्यात गुंडाळून ठेवायची. त्याला दोन महिन्यांत कोणी पाणी लावलं नव्हतं.

त्यानंतर घुशीचं नाव कोणी काढलं नाही. दुपारी त्या खोलीत जायचंही सगळ्यांनी बंद केलं.

पुढच्या आठवड्यात लेकरू आजारी पडलं.

जुलाब सुरू झाले. दूध ओढेना. दिवसभर रडायचं. माझी आई एका दवाखान्यात आया होती, तिनं सकाळी कामावर जाताना स्पष्ट सांगितलं, याला आजच डॉक्टरकडे न्या. वडील गिरणीत पहिल्या पाळीला गेलेले. मोठे बाबा रजेवर होते. ते हो म्हणाले.

आणि त्यांनी भगत आणला.

दुपारी का, ते सांगते. उन्हाळ्यात रात्री आमची अख्खी वस्ती बाहेर खाटा टाकून झोपते. रात्री भगत आला असता तर सगळ्यांनी पाहिला असता, आणि स्टेजवर भाषण करणाऱ्याचं तोंड काळं झालं असतं. मेच्या दुपारी दोन वाजता मात्र रस्त्यावर कुत्रंही नसतं. इतका विचार या माणसानं केला. एवढ्या वेळात दवाखान्यात जाऊन परत आला असता.

भगत पुढच्या खोलीत बसला. खिडक्या लावल्या. लिंबू, शेंदूर, राखेची पुडी मांडली.

"घरात कोण मेलं?"

"माय," मोठे बाबा म्हणाले.

"नाव?"

"बायजा."

नुसतं बायजा. साठ वर्षांत तिला वस्तीत कोणी असं तोडून हाक मारली नव्हती. पोटच्या मुलानं मारली.

"म्हातारीचा जीव गुंतला. लेकराले धरलं तिनं," भगत म्हणाला. मोठ्या बाबांनी मान डोलावली.

मी सतरा वर्षांची होते. मोठ्यांपुढं बोलायची पद्धत नव्हती. पण मी बोलले.

"मोठे बाबा, तुमी जयंतीले काय बोलता अन् घरात काय करून राहिले? आजीनं धरलं म्हणता? त्याले दवाखान्यात न्या ना."

"तू चूप बस. बाहेर ऊन पाहिलं काय? लू लागंन त्याले. संध्याकाळी नेऊ."

"आई सकाळीच न्या म्हणाली होती."

"चूप बस म्हटलं ना, उत्तरा."

मी भिंतीला टेकून बसले. भगतानं राख लेकराच्या कपाळाला लावली, जिभेवर ठेवली. पुटपुटणं सुरू झालं. लेकरू रडत होतं. मग कण्हत होतं.

मग…

रडणं थांबलं.

"उतरलं," भगत म्हणाला.

मोठ्या आईनं हात जोडले. चार रात्री जागलेल्या प्रेमिलाताईनं डोकं भिंतीला टेकवलं आणि तिचा डोळा लागला. खरं सांगते, मलाही हलकं वाटलं. कसं का होईना, थांबलं एकदाचं, असं मनात आलं.

आणि तेव्हा मागच्या खोलीतून…

कच.

भगतानं मान वर केली. "मांगं कोण हाय?"



कच… कच… कच…

आवाज वाढत गेला. पान फिरवायलाही उसंत नाही अशी कात्री चालत होती. तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. आजी इतकी रागावलेली मी कधीच ऐकली नव्हती. तंबाखूचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला.

भगतानं पुडी उचलली, लिंबू तिथंच टाकलं आणि दार उघडून अनवाणी पळाला. चपला उंबऱ्यापाशी राहिल्या. मोठे बाबा जमिनीकडं बघत बसले होते. मोठ्या आईनं कानांवर हात ठेवले होते.

कात्री थांबत नव्हती.

लेकरू चूप झालं का धावाचं.

मी उठले आणि लेकराजवळ गेले. ओठ कोरडे. पापण्या अर्धवट उघड्या. टाळूला बोट लावलं, तर खड्डा लागला. दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

ते शांत झालं नव्हतं. त्याच्यात रडायची ताकद उरली नव्हती.

मी त्याला उचललं.

त्याच क्षणी… कात्री थांबली.

मी ओल्या पंच्यात त्याला गुंडाळलं आणि धावले. मला कोणी अडवलं नाही. कोणी उठलंही नाही. प्रेमिलाताई जागी होऊन माझ्या मागं आली, तिच्याही पायात काही नव्हतं. कडुनिंबाखाली शेजारचे नत्थूजी आपल्या सायकल रिक्षात झोपले होते. त्यांनी लेकराकडं एकदा पाहिलं आणि काही न विचारता पायडल मारायला सुरुवात केली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं सुई लावता लावता मला शिव्याच घातल्या. "इतका वेळ काय करत होता? अजून अर्धा तास गेला असता तर आणायची गरज नव्हती."

लेकरू वाचलं.

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले आणि सरळ मागच्या खोलीत गेले. गोणपाटावर तेंदूपानांचा ढीग होता. मार्चनंतर आमच्या घरात एक पान आलं नव्हतं. पानं कापलेली होती, ओली होती. मेच्या उन्हात पान तासाभरात कडक होतं, हातात धरलं की मोडतं. ही दुसऱ्या दिवशीही मऊ होती.

आणि तिरपी बाजू उलट होती. आमच्या घरात दुसरं कोणी डावखुरं नाही.

डबा उघडला. कात्री फडक्यात, कोरडी.

ती पानं मी कोणाला दाखवली नाहीत. चुलीत घातली. जळायला फार वेळ लागला.

आता ते खोटं काय, ते सांगते. महिन्याभरात नातेवाइकांत पसरलं की बायजाबाई भूत झाली, तिनं पणतवाला धरलं, आणि भगतानं सोडवलं. भगतानं. दवाखान्याचं नाव नाही, नत्थूजींचं नाही. मोठे बाबा पुढंही स्टेजवर बोलत राहिले आणि हे खोटं त्यांनी एकदाही खोडलं नाही. तो मुलगा हेच ऐकत मोठा झाला. आजही तो आमच्याकडं आला की आजीच्या फोटोकडं पाठ करून बसतो. मी त्याला दहादा सांगितलं. तो हसतो आणि म्हणतो, मावशी, जाऊ दे.

का जाऊ देऊ? दगडासारख्या दिवसांतून जिनं चार पोरं वर काढली, तिच्या ऐंशी वर्षांचं शेवटी एवढंच उरावं?

मोठे बाबा गेले. काही वर्षांनी मोठी आई अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला कात्री ऐकू आली होती ना?"



"आली होती वं. त्यायलेबी आली होती. माय काहून चिडली, ते आमाले दोघायलेबी समजलं होतं. भागीरथाचं सारं आमाले माहीत होतं ना." तिनं तोंड फिरवलं. "पण उठाची हिंमत नाही झाली. भूत बनून आली म्हणून भेलो आमी तिले."

मी तिचं पांघरूण सारखं केलं. तिच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते.

वर मी लिहिलं की भगत पळाला आणि मी उठले. मधला वेळ मी गाळला. तो गेल्यावरही मी बसूनच होते. किती वेळ, ते मला ठाऊक आहे आणि मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरनं अर्धा तास म्हटलं तेव्हा मी मनातल्या मनात तो वेळ मोजला होता.

मागच्या खोलीत आजी मला बोलावत होती. आणि मी, तिची नात, तिला भूत समजून घाबरून भिंतीला चिकटून बसले होते.