मिसेस टॅटर्सची खिडकी

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी मी यॉर्कशायरमधल्या हल शहरात, चर्चमागच्या हॉलमध्ये गेले, ती एका म्हाताऱ्याची चारचौघांत अब्रू काढायला. हातात लिंबाचा केक होता. रिकाम्या हातानं गेलेलं आमच्याकडे बरं दिसत नाही.

जुन्या टीव्हीचं वेड असलेली मंडळी महिन्यातून एकदा तिथे जमतात. सगळी साठी ओलांडलेली. कुठल्या तरी दोन वर्षं चाललेल्या कार्यक्रमाची सुरुवातीची धून कोणीतरी गुणगुणतं आणि बाकीच्यांचे डोळे भरून येतात. त्या दिवशी माझ्या आईच्या कार्यक्रमाचा एक भाग दाखवणार होते. तिकडे दाखवायला पाठवलेलं त्याचं रीळ न्यूझीलंडमधल्या एका शाळेच्या माळ्यावर सापडलं होतं.

मिसेस टॅटर्स म्हणजे लोकरीची म्हातारी बाहुली. दर गुरुवारी, चहाच्या वेळेला, ती खिडकीची धुरकट काच फडक्यानं पुसायची आणि टीव्हीच्या पडद्यातून विचारायची, "बाहेर कोण आहे? नाव सांग बाळा." आणि यॉर्कशायरभरची पोरं तोंडात जॅम-पाव कोंबून आपापली नावं ओरडायची. ती मान डोलवायची. बाहुलीतला हात आणि तो आवाज माझ्या आईचा, एनिड गार्बटचा.

मग स्टुडिओतल्या डेस्मंड कॅरिक नावाच्या साहेबानं सगळ्या टेप पुसून त्यांवर घोड्यांच्या शर्यती भरायला लावल्या. टेप पुसून पुन्हा वापरायची तेव्हा रीतच होती. पण आई त्याच्या दारात जाऊन रडली होती. "एक भाग तरी ठेवा, साहेब. माझ्या लेकीसाठी." तो म्हणाला, "बाई, तुमच्या बाहुलीपेक्षा टेप महाग आहे." मरेपर्यंत, खोकत खोकत, आई मला हे वाक्य ऐकवत राहिली. तिच्या शवपेटीत मिसेस टॅटर्सला मीच ठेवलं.

आणि आजचा प्रमुख पाहुणा कोण? तर हाच कॅरिक! नव्वदीला टेकलेला, कोटाला फूल लावलेला. "हा कार्यक्रम म्हणजे माझंच लेकरू हो," असं तो येईल त्याला सांगत होता. मी पेटलेच. ते वाक्य याच्याच तोंडून, सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं, असं मी ठरवूनच आले होते.

"लिनेट, चहा घे आधी," आमचा सेक्रेटरी क्लाइव्ह म्हणाला. "आणि आज भांडू नकोस गं. म्हातारा आहे तो."

"माझी आईपण म्हातारी होऊनच गेली," मी म्हणाले.

चारलाच बाहेर अंधारून आलं होतं. दिवे मालवले. हॉलमध्ये ओल्या कोटांचा आणि गरम झालेल्या प्रोजेक्टरचा वास पसरला. पडद्यावर धुरकट काच आली, मागून फडकं फिरलं, आणि मिसेस टॅटर्स दिसली. लोक चक्क हुंदके देऊ लागले.

"बाहेर कोण आहे? नाव सांग बाळा."

सगळ्यांनी लहान मुलांसारखी नावं सांगितली. क्लाइव्हनंसुद्धा. मी मात्र तोंड उघडलं नाही. मी लाड करून घ्यायला आले नव्हते.

मिसेस टॅटर्सनं मान डोलवली नाही. हलवली. नाही... नाही...

ती थांबली. एवढी ती कधीच थांबत नसे. मग ती खोकली. कार्यक्रमाच्या काळात आई ठणठणीत होती. हा खोकला तिला शेवटच्या वर्षात लागला होता.

"तू... पुढे बसलायस तो. नाव सांग बाळा."

कॅरिक खुशीत हसला. "अरेच्चा, मलाच विचारतेय की! डेस्मंड. डेस्मंड कॅरिक."

आता तिनं मान डोलवली. फडकं घेतलं आणि काच पुसू लागली. सावकाश, गोल गोल, घासून घासून. रीळ संपलं तरी फडक्याचा तो आवाज ऐकू येत होता.

दिवे लागले. मी ताडकन उठले. "मिस्टर कॅरिक, मी एनिडची मुलगी. माझ्या आईला तुम्ही काय म्हणाला होतात, ते सांगा यांना."

त्यानं तोंड उघडलं. आतून एका तरुण माणसाचा घाईघाईचा आवाज आला, "...शेवटच्या वळणावर काळा घोडा पुढे, पाठोपाठ आठ नंबर, आणि आता आठ नंबर जवळ येतोय..."

लोक हसले. टाळ्याही पडल्या. शर्यत संपली, दुसरी सुरू झाली, तेव्हा हसणं थांबलं. कॅरिकचे डोळे रडत होते आणि तोंड घोडे पळवत होतं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी जाऊन मी शांत झोपले.

पण ते वाक्य राहिलंच. म्हणून मार्चमध्ये मी त्याच्या वृद्धाश्रमात गेले. खिडकीपाशी बसून तो शर्यत सांगत होता. मी त्याच्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, "आई, क्षणभर सोड त्याला. एकदाच बोलू दे."

आवाज बंद झाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ, तान्ह्या मुलासारखी.

"एनिडला काय म्हणाला होतात?" मी विचारलं.

"कोण एनिड?"

तो नाटक करत नव्हता. आत काहीच उरलं नव्हतं. जे मला त्याच्याकडून हवं होतं, तेच सगळ्यात आधी पुसलं गेलं होतं. मी संतापानं त्याची खुर्ची गदागदा हलवली. तर तो पुन्हा घोडे पळवू लागला.

नर्स ब्लेसिंग धावत आली. मला बाजूला घेऊन तिनं पाणी दिलं.

"मनाला लावून घेऊ नका हो. तुमच्या आईसमोर मात्र ते अगदी गप्प असतात. दर गुरुवारी चहाला येतात ना त्या... गोड आहेत बिचाऱ्या. हीटरनं कितीही उकडलं तरी लोकरी हातमोजे काढत नाहीत."

मी पेला खाली ठेवला.

"माझी मुलगी इथे कधी येणार, अशी परवा तुमचीच चौकशी करत होत्या," ब्लेसिंग हसून म्हणाली. "वयच झालंय, मुलीचं नाव आठवेना त्यांना. मग मी सांगितलं, भेटीची वेळ घेताना तुम्ही फोनवर दिलं होतंत ते, पूर्ण नाव."

माझं नाव आईनंच ठेवलं होतं. शेवटच्या श्वासालाही तिच्या ओठांवर तेच होतं. ते तिला कुणाला विचारावं लागलं नसतं. नाव विचारायची ती मिसेस टॅटर्सच.