भांडणाची खुर्ची

देविकाचं डोकं सणकलं ते समोशांवरून. १९९६चा सप्टेंबर, लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतलं ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं कॉलेज, आत्माराम सरांची शोकसभा; आणि सभा संपते न संपते तोच मंडळी व्हरांड्यात समोशांवर तुटून पडलेली. तासभर नुसतं ‘देवमाणूस, देवमाणूस’ ऐकून तिचे कान किटले होते. कसला डोंबलाचा देवमाणूस!

ती वर्गातच थांबली. खिडकीपाशी सरांची ती भांडणाची खुर्ची होती. ज्याला देवाचा राग आला असेल त्यानं तिथं बसून मनसोक्त भांडावं, असा सरांचा रिवाज. स्वतः हात बांधून उभे राहत. उत्तर कधीच देत नसत, माणूस थांबला की फक्त विचारत, “आणखी?” विद्यार्थिनी असताना देविकाला त्याचं केवढं कौतुक! पण एप्रिलमध्ये तिचा सात वर्षांचा सौरभ गेला, ती कबरीपाशी ऊर बडवत होती, तेव्हाही या गृहस्थानं तेच विचारलं. त्यानंतर तिनं ना त्यांचं तोंड पाहिलं, ना चर्चचं.

सरांच्या पत्नी मधुमतीबाई दारात आल्या. “देविका, चाय ठंडी होतेय गं.”

“नको मला. मला त्यांच्याशी भांडायचंय.”

“भांड मग,” बाई म्हणाल्या आणि दार लोटून गेल्या.

देविका खुर्चीवर बसली. लाइट गेलेले, पंखा बंद. समोर सरांचा हार घातलेला फोटो.

“तुमचा देव बहिरा,” ती म्हणाली. “आणि तुम्ही त्याचे चमचे!”

“आणखी?”

आवाज फळ्याकडून आला. कुणीतरी चेष्टा करतंय म्हणून तिनं उठून दाराबाहेर पाहिलं. व्हरांड्यात सगळे खाण्यात दंग. फळ्यापाशी कुणी नव्हतं. खडूची भुकटी तेवढी हळूहळू खाली पडत होती.

भीती कसली, तिला संतापच आला. मेल्यावरही तेच! ती परत येऊन बसली.

“माझं लेकरू नेलंत. काय पाप होतं त्याचं?”

“आणखी?” या खेपेला अगदी कानाशी.

“आणखी काय? काय काढून घ्यायचंय माझ्याकडून?”

 शेजारी फक्त शर्टाची सळसळ.

मग नवऱ्यालाही न सांगितलेलं तिच्या तोंडून निघालं.

“ताप चढत होता. हे ड्यूटीवर. शेजारचे दवाखान्यात न्यायला स्कूटर काढून उभे होते. मी म्हटलं, आधी प्रार्थना करू. दोन तास गुडघ्यांवर होते मी. दोन तास!”

पुढचा प्रश्न आला नाही.

डोळे पुसायला ती हात उचलू लागली. उचलेना.

तिचं बोट खालून कुणीतरी मुठीत धरलं होतं.

“आई, अब तो चलो न.”

ती इवलीशी मूठ अजून तापानं कढत होती.