पडदा काळा असताना

"ताप किती आहे?"

जिन्यात मागून कुणीतरी विचारलं आणि ती दचकली. छातीशी जुन्या चादरीत गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट, चादरीवर पावसाचे थेंब, हाताला रग लागलेली.

"कुणाला?"

"बाळाला."

"बाळ नाही हे. कॉम्प्युटर आहे!"

"ते दिसतंय. वायर लोंबतेय. म्हणूनच विचारलं... तापतो का?"

तिनं मान वळवून पाहिलं. एक तरुण दोन पायऱ्या खाली उभा होता. खांद्याला अवजारांची पिशवी, केस भिजलेले, आणि हातात — तिची चप्पल. तिनं खाली पाहिलं. एक पाय अनवाणी होता.

"दारातच सुटली तुमची," तो म्हणाला. "हाक मारली, पण तुम्ही बाळाशी बोलत होतात."

बोलत होती खरी. 'एवढा रविवार काढ रे बाबा, मग हवं तर मर' असं ती त्या कॅबिनेटला बजावत होती. हे यानं ऐकलं की काय या विचारानं तिचे कान तापले.

तो निघाला होता वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे, त्यांचा प्रिंटर बघायला. कोपऱ्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. ती मात्र लांबच्या मोठ्या दुकानातून येत होती, आणि तिथल्या माणसानं कॅबिनेट न उघडताच 'नवीन घ्या' म्हणून तिची बोळवण केली होती.

"उघडून तरी बघतो," तो म्हणाला. "प्रिंटर कुठे पळून जात नाही."

घरात बाबा होते. बाबांची सगळी नोकरी पंपघरात गेली. टाकी भरली की खटका पाडून पंप बंद करायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आई होती तेव्हा 'अहो, गॅलरीतला दिवा' असं ती आतून ओरडायची आणि बाबा उठायचे. आता ओरडणारं कुणी नव्हतं, म्हणून ते न सांगताच घरभर फिरायचे आणि दिसेल तो खटका पाडायचे.

"हे कोण?" बाबांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवाले. जिन्यात भेटले."

"जिन्यात कॉम्प्युटरवाले भेटतात? आमच्या वेळी फक्त मांजरं भेटायची."

त्यानं टेबलावर कॅबिनेट आडवं केलं, चार स्क्रू काढले आणि पत्रा बाजूला सरकवला. पंख्याच्या मागे धुळीची चक्क लोकर जमली होती. मऊ ब्रश फिरवत तो ती काढू लागला, हलक्या हातानं, झोपलेल्याच्या कपाळावरचे केस बाजूला करावेत तसा.

"प्रोसेसर तापला की आपणहून हळू चालायला लागतो," तो म्हणाला. "बिघाड नाही तो. जीव वाचवतो स्वतःचा."

ती जवळ वाकली. इतकी वर्षं या पेटीसमोर बसली, पण आत कधी पाहिलंच नव्हतं. हिरव्या पाटीवर बारीक सोनेरी रस्ते, चौक, एकसारख्या चाळी, मधोमध एक चकचकीत मैदान. उंचावरून एखादं शहर दिसावं तसं. आपण रोज बटण दाबतो आणि एवढं सगळं गाव आपल्यासाठी जागं होतं...

"काय सुंदर आहे हो," ती हळूच म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. ब्रश थांबला. "इतकी वर्षं पेट्या उघडतोय," तो म्हणाला, "पण असं कुणी..." आणि पुढे काही बोललाच नाही.

तिला शांतता सोसत नसे. त्या घरात कुणालाच सोसत नसे. "चहा घेणार?" ती पटकन म्हणाली.

चहा पिताना तिनं आपली अडचण सांगितली. ती गावातल्या तारांगणात तिकीट खिडकीवर बसे. तिथे बाहेरून विकत आणलेला कार्यक्रम दाखवत. आकाश कुठल्या तरी परक्या जागेचं, आवाज कुणा परक्याचा. तिनं हट्टानं स्वतःचं आकाश करायला घेतलं होतं, आपल्या गच्चीवरून दिसतं ते. लहानपणी आई चटई टाकून बोट धरून दाखवायची, अगदी तेच. संचालक मॅडमनी एकच संधी दिली होती. रविवारी शाळेच्या मुलांसमोर दाखवायचं. तयार झालं नाही तर पुन्हा विकतचं आकाश, आणि तिची पुन्हा तिकीट खिडकी. त्यासाठी मॅडमनी चित्रं झरझर उमटवणारं एक ग्राफिक्स कार्डही दिलं होतं, पण या जुन्या यंत्राला ते कार्ड ओळखूच येत नव्हतं.

"फर्मवेअर जुनं आहे," तो म्हणाला. "ते नवं घालावं लागेल."

"म्हणजे?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "बटण दाबलं की यंत्र जागं होतं ना, तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. आपण कोण, आपले हात-पाय कुठे, काहीच नाही. पहिल्या क्षणी जे त्याला हे सगळं सांगतं, ते फर्मवेअर."

"आईसारखं," ती म्हणाली.

"हो. आईसारखं."

बाबा गॅलरीकडे बघत राहिले.

पंखा साफ झाला आणि घरघर थांबली. मग तिनं त्याला आपलं अर्धवट आकाश दाखवलं. एकेक तारा दमेकरी माणसासारखा थांबत थांबत पडद्यावर उतरत होता. तरी तो बघत राहिला. डोळे मोठे झाले, तोंड किंचित उघडं राहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तो निळा उजेड पडला होता, आणि ती आकाश सोडून त्या चेहऱ्याकडेच पाहत होती.

"हे तुम्ही... एकटीनं..." तो म्हणाला. "मला वाटतं, तुम्ही..."

"वेडी आहे? सगळेच म्हणतात!" ती हसत म्हणाली. त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

वरून डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा कुठे त्याला प्रिंटर आठवला. जाण्याआधी त्यानं तिचं आकाश दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. "हे जपायला हवं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पेन ड्राइव्ह घेऊन आला. अपडेट सुरू केलं. "आता कुणी हात लावायचा नाही," असं बजावून दोघं गॅलरीत गेली. पाऊस बारीक पडत होता. तो दुकानातल्या गमती सांगत होता, ती हसत होती. परत येऊन पाहतात तर यंत्र बंद! तिनं रोजच्या सवयीनं खटका वर करून सुरू केलं, तर फर्मवेअर तेच, जुनं. कार्ड अनोळखीच.

पुढच्या दिवशीही तेच. पेन ड्राइव्ह बदलला, तरी तेच. तो डोकं खाजवत बसला. "असं कधी झालं नाही. मला कळत नाहीये, खरंच."

"कळत नाही म्हणणारा दुरुस्तीवाला मी पहिल्यांदाच पाहते."

"धंदा बुडवायचा तर खरं बोलावं लागतं."

शुक्रवार उजाडला. मॅडमनी विकतच्या कार्यक्रमाची तयारीही करून ठेवली होती. त्यानं तिसरा पेन ड्राइव्ह लावला. पुन्हा 'हात लावायचा नाही', पुन्हा गॅलरी. आज मात्र ती हसत नव्हती.

"होईल," तो म्हणाला. "आणि नाही झालं तर... मला तुम्हाला एक..."

"नाही झालं तर मला तिकिटं फाडायला याल मदतीला?" ती म्हणाली आणि रिकामा कप ठेवायला आत वळली.

तेवढ्यात तिनं पाहिलं. बाबा वाकून, गुडघ्यावर हात टेकत, भिंतीवरचा खटका पाडत होते.

"बाबा!"

"काय झालं? बंदच होतं ते. पडदा काळा झालेला, आणि लाल दिवा उगीच जळतोय."

"रोज... तुम्हीच?" तिनं विचारलं.

"रोज काय? बंद दिसलं की पाडतो. तुझी आई असती तर ओरडली असती."

तो धावत आत आला होता. आता हा चिडणार, असं तिला वाटलं. तो खुर्चीत मटकन बसला आणि म्हणाला, "चूक माझी आहे, काका. अपडेट होताना पडदा काळाच असतो. बाहेरून मेल्यासारखं दिसतं, पण आत सगळं काम तेव्हाच चाललेलं असतं. आणि यंत्रापाशी बसून राहायचं हा आमचा पहिला नियम. मीच उठून गॅलरीत गेलो."

"का गेलात?" बाबांनी सरळ विचारलं.

तो वाकून खटका पुन्हा वर करू लागला. कान लाल.

"हवा खायला हो बाबा!" ती म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पंखा नाही, दिवा नाही. पुन्हा दाबलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. बाबांचा चेहरा पांढरा पडला.

"मेलं?" बाबांनी विचारलं. "माझ्यामुळे?"

"थांबा," तो म्हणाला. "या पाटीवर फर्मवेअरच्या चिप दोन असतात. एक कोसळली की दुसरी सांभाळून घेते. तिला थोडा वेळ द्यायचा."

"जोडीनं असतात तर," बाबा पुटपुटले.

आणि मग — आत कुठेतरी बारीकशी टक झाली. पंखा फिरला. तिचा जीव भांड्यात पडला.

त्यानं अपडेट पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी कुणी हललं नाही. तिघंही काळ्या पडद्यासमोर ओळीनं बसली. बाबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. आत एक इवलासा दिवा लुकलुकत होता. त्या अंधारात कुणीतरी त्या यंत्राला पुन्हा सांगत होतं... तू कोण, तुझे हात कुठे, डोळे कुठे. ती श्वास रोखून बघत राहिली. नकळत तिचा हात त्याच्या बाहीवर गेला, आणि तिथेच राहिला.

पडदा उजळला. कार्ड ओळखीचं झालं. तिनं आपलं आकाश उघडलं आणि सगळे तारे एका दमात, सांडल्यासारखे पसरले.

"आई गं," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी तारांगण मुलांनी गच्च भरलं. ती मधल्या यंत्रापाशी, तो तिच्या शेजारी, बाबा दाराजवळ. दिवे विझले. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दाखवायचं नाही, हे तिनंच ठरवलं होतं. घुमट काळा. मुलांची चुळबुळ सुरू झाली.

"बंद पडलं वाटतं," एक चिमुरडा आवाज म्हणाला.

"बंद नाही पडलेलं!" दाराकडून बाबा गरजले. "काम चालू आहे आत. गप्प बसा."

त्या काळोखात त्याचा आवाज आला. "एक सांगायचं होतं..."

आणि तो थांबला.

तिच्या जिभेवर थट्टा तयार होती. अगदी टोकावर. तिनं ती गिळली. तो काही बोलत नव्हता, त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. किती दिवस आपण याचा खटका पाडत आलो, तिला वाटलं. तिनं वाट पाहिली. डोक्यावर, अंधारातून, पहिला तारा हळूच उमटला. मग दुसरा...

"यंत्र दुकानात नेलं असतं, तर पहिल्याच दुपारी झालं असतं," तो म्हणाला. "मी मुद्दाम नेलं नाही. मला... तुमच्याकडे यायचं होतं. रोज. अजूनही यायचंय. आयुष्यभर."

घुमटभर तारे आले. शेकडो मुलांनी एकदम श्वास आत घेतला, आणि तो आवाज लाटेसारखा वर गेला. तिची मानही वर होती. सगळं झिरमिळत होतं, तारे की डोळे, तिला कळेना.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"माणूस उगीच कुणाची ओली चप्पल हातात घेऊन जिना चढत नाही."

तो हसला. अंधारात तिनं हात पुढे केला, आणि त्याचा हात तिला शोधावा लागला नाही.

कार्यक्रम संपला. दिवे लागले, त्या उजेडात घुमटावरचे तारे दिसेनासे झाले. टाळ्या वाजवून मुलं ओळीनं बाहेर पडली, मॅडम पाणावल्या डोळ्यांनी काहीतरी म्हणून गेल्या. दोघांनी मान डोलावली खरी, पण हात सोडायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बाबांच्या आलं. ते दारात थबकले. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या दोन हातांकडे, आणि मग वर, कुणाची तरी हाक ऐकू आल्यासारखं.

त्यांनी भिंतीवरचा दिव्यांचा खटका पाडला, दार हलकेच ओढून घेतलं, आणि घुमटात पुन्हा सगळे तारे दिसू लागले.