फनेलमध्ये श्वास सोडायचा नाही

चंद्रिकाच्या नाकाला फसवणारा माणूस डहाणूत अजून जन्मायचा होता. वाडीतला चिकू कधी उतरवला, झाईच्या वाळवणावरचे बोंबील एकदा भिजून पुन्हा वाळवलेत का, शेजारच्या घरात डाळ कितव्यांदा गरम होतेय, हे ती रस्त्यावरून सांगायची. बाकीच्यांना नाक असतं ते सर्दी झाली की आठवतं. चंद्रिका नाकावर पोट भरत होती.

डहाणू स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांची एक तपासणी संस्था होती, तिथे ती वास-परीक्षक होती. संस्था कुठल्या कारखान्याची नव्हती, म्हणून तर तिच्या शब्दाला मान होता. घराला लागणारे बोर्ड, रंग, गोंद खोलीतली हवा नासवतात का ते तपासायचं आणि नासवत नसतील तर दाखला द्यायचा, एवढंच काम. कारखान्यातून तुकडा संस्थेच्याच माणसानं उचलायचा, सील करून आणायचा आणि काचेच्या बंद पेटीत अठ्ठावीस दिवस ठेवायचा. तिसऱ्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी त्या पेटीतली हवा आधी यंत्र मोजणार, मग तीन माणसं हुंगणार. यंत्राला विष कळतं, घाण कळत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

पेटीला स्टीलचं फनेल लावलेलं होतं. त्याच्या वर भिंतीवर लाल अक्षरांत नियम लिहिलेला: फनेलमध्ये श्वास सोडायचा नाही. हवा आत घ्यायची, तोंड फिरवायचं, मग सोडायची. आपल्या तोंडची वाफ पेटीत गेली की अठ्ठावीस दिवस पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. हुंगायच्या दिवशी तेल नाही, पावडर नाही, कांदा नाही, चहासुद्धा नाही. दुसरी परीक्षक संगिता म्हणायची, "ताई, लोकांचा चातुर्मास चार महिन्यांत सुटतो, आपला मेला सुटतच नाही."

त्या हिवाळ्यात पेटीत जो तुकडा होता तो चंद्रिकाला घरचाच होता म्हणा ना. तिचा पाडा गुजरातच्या सीमेवरच्या वेवजी गावाच्या अलीकडे. पाड्यावरच्या बालवाडीला गेल्या वर्षी कुणीतरी उदार होऊन प्लायवूड ठोकून दिलं होतं. कसलं उदार, डोंबलाचं! आठ दिवसांत पोरांचे डोळे चुरचुरायला लागले आणि चंद्रिकाची भाची प्रगती, साडेतीन वर्षांचं पोर, छाती भात्यासारखी करत डहाणूच्या दवाखान्यात येऊन पडली. तेव्हापासून दम्याचा पंप तिच्या गळ्यात दोरीनं बांधलेला असायचा. ग्रामसभेनं प्लायवूड उखडून जाळलं आणि ठरवलं की आता दाखल्याचेच बोर्ड लागतील. तोवर बालवाडी झाडाखाली. प्रगतीची आई, म्हणजे चंद्रिकाची वहिनी भिकी, तिथली सेविका होती. धुळीनं पोर पुन्हा धापा टाकायला लागलं तशी ती दर रविवारी विचारायची, "ताई, कधी होल तुमचा दाखला?"

बोर्ड वेवजीच्याच एका नव्या कारखान्यातले होते. भाताचा तूस, माती आणि जुन्या काड्या दाबून केलेले, भुरकट रंगाचे. मालक मनिष, सीमेवरचा माणूस, निम्मं मराठी निम्मं गुजराती बोलणारा. तुकडा सील करताना छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "चंद्रिकाबेन, वास मारे तो मारु नाम बदली नाखजो."

तिसऱ्या दिवशी यंत्रानं शून्य दाखवलं. प्रयोगशाळेचा प्रमुख धनेश खुर्चीतून उठून उभा राहिला. असं शून्य त्यानं नोकरीत पाहिलं नव्हतं. रिकाम्या पेटीतही काही ना काही निघतं. ह्या पेटीतली हवा रिकाम्या पेटीपेक्षा स्वच्छ होती. संगितानं हुंगलं, तिसरा परीक्षक संदीपनं हुंगलं, दोघांनी कागदावर लिहिलं: वास नाही.

चंद्रिका फनेलवर वाकली.

आधी काही नाही. मग आला. सकाळचं न धुतलेलं तोंड. त्याच्यामागे किडलेली दाढ, तापानं करपलेली जीभ आणि पार तळाशी राखेच्या टोपल्यात पडलेला बेडका, चिकट, गोडसर. आणि तो वास ऊन होता. पेटीतली हवा थंड असते, तिला ते चांगलं ठाऊक होतं. पण कुणीतरी तोंडाला तोंड भिडवून तिच्या नाकात सावकाश श्वास सोडावा, तशी ती वाफ तिच्या नाकपुड्यांत शिरली आणि घशाला चिकटली. शिसारीनं तिच्या अंगावर काटा आला. पोटातून उमासा आला, तोंड फिरवायला वेळच मिळाला नाही. "हॅऽऽ" करून सगळा श्वास तिनं फनेलमध्ये ओतला.

तिनं चटकन वर पाहिलं. धनेश खिडकीपाशी फोनवर होता. संगिता आपला कागद भरत होती. कुणी पाहिलं नव्हतं.

पण यंत्र तर पाहणार होतं. माणसाचा श्वास पेटीत गेला की त्याचा काटा उडी मारतो, ते लपत नाही. चंद्रिका काट्याकडे बघत बसली. एक मिनिट झालं, दोन झाली, दहा झाली. काटा शून्यावरून हलला नाही. अख्ख्या माणसाचा श्वास आत गेला आणि पेटीला त्याचा पत्ता नाही! तेव्हा तिला नवल वाटायला हवं होतं. तिला सुटल्यासारखं वाटलं. सांगितलं असतं तर नवा तुकडा, पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रगती तोवर धुळीत.

वास घाणेरडा आहे एवढं मात्र ती बोलली. धनेशनं दोनास एक असं मत मोजलं आणि सौम्यपणे विचारलं की तब्येत बरी आहे ना, पित्त वगैरे. नाकानं कांदे सोलणाऱ्या बाईचं नाक एकदा तरी चुकायचंच, असं संदीपच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी हवा चांगली निघाली की तात्पुरता दाखला मिळे, त्यावर तिघांच्या सह्या लागत. चंद्रिकानं भिकीचा रविवारचा प्रश्न आठवला आणि सही केली. चार दिवसांत बालवाडीला बोर्ड लागले, नारळ फुटला, बावीस पोरं आत बसली.

तिच्या घशातला तो चिकटा मात्र गेला नाही. तिनं मीठपाण्यानं गुळण्या केल्या, लवंग चघळली. भाकरीचा घास तोंडात घेतला की आधी ती दाढ आठवायची. त्यात चष्म्यानं नवीन खोड काढली. काचेवर हा करून ओढणीनं पुसायची तिची जन्माची सवय. हल्ली कितीही पुसलं तरी धूळ जागच्या जागी. शेवटी ती चष्मा नळाखाली धुवायला लागली.

पंधराव्या दिवशी न राहवून ती स्कूटर काढून कारखान्यात गेली. मनिषनं मोठ्या हौसेनं मागचं आवार दाखवलं. तिथे कूड रचलेले होते. काठ्यांचे ताटवे, वर माती-शेणाचा थर, कुणाच्या थरावर अजून चुलीची काजळी, कुणाच्या थरावर लहान हाताचे पांढरे ठसे. तालुकाभर घरकुलं उभी राहत होती, जुनी घरं मोडत होती, आणि त्या घरांच्या भिंती मनिष उचलून आणत होता. दळून, चाळून, तुसात मिसळून त्यांचा बोर्ड. पन्नास-पन्नास वर्षं माणसं राहिलेली माती, तो म्हणाला, तिच्यात आता वास कुठला उरणार?

चाळणीवर पुतळी नावाची म्हातारी बसली होती. बाकीच्या बाया धुळीसाठी नाकाला फडकं बांधून होत्या. पुतळीनं पदराचा बोळा करून तोंडच गच्च दाबलं होतं. मनिष फोन घ्यायला आत गेला तेव्हा चंद्रिकानं हलकेच विचारलं, "आजी, तुम्हांला वास येतो?"

पुतळीनं पदर तोंडावरून काढला. "तुला बी येतो?" ती म्हणाली. "आमचा कूड हाय यात. माझा घरधनी त्याच्या आडोशाला दोन वरीस खोकत पडला. मला नाय कळणार त्याच्या तोंडाचा वास?"

मग तिनं सांगितलं. त्यांच्यात घर मोडलं की कूड कुणी उचलत नाही. तो उघड्यावर पडू देतात, दोन पावसाळे खाऊ देतात, माती मातीला मिळाली की मोकळे झाले. एका घराचा कूड दुसऱ्या घराला लावायचा नाही. का, ते तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मालकाला हे बोलून दाखवलं होतं. तो हसला होता.

"पाऊस नाय दाखवला त्याला," पुतळी म्हणाली आणि पदर पुन्हा तोंडात कोंबला.

चंद्रिका तिथून निघाली ती बोर्डीच्या रस्त्याला एका वाडीच्या कुंपणापाशी थांबली. मग तिनं भिकीला फोन लावला. काय सांगणार होती, तिचं तिलाच माहीत नव्हतं. पण भिकीचा आवाज आनंदानं नाचत होता. पोरीनं आठवडा झाला पंपाला हात लावला नव्हता. पहिलं पोर खोकत नव्हतं, दुसरं खोकत नव्हतं, कुणीच खोकत नव्हतं. "ताई, तुमच्या सहीनं माझी पोर वाचली," ती म्हणाली. चंद्रिका बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रानं पुन्हा शून्य दाखवलं. या वेळी चंद्रिका पहिली वाकली. मन घट्ट करून, पोट आवळून तिनं श्वास आत घेतला.

काहीच नाही. दाढ नाही, बेडका नाही. तिनं पुन्हा घेतला. काही नाही. कागदावर 'वास नाही' लिहिताना तिचा हात हलका झाला होता.

मग संगिता वाकली आणि झटक्यानं मागे आली. तिनं नाक दाबलं. संदीप वाकला, त्याचंही तोंड वाकडं झालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग चंद्रिकाकडे, आणि मग जमिनीकडे.

धनेशनं विचारलं, कसला वास. संगिताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "तुम्ही जवळ येऊन बोलायचात ना, तेव्हा यायचा तो. तुमच्या तोंडाचा. पण शिळा. खूप दिवस कोंडून ठेवल्यासारखा."

आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही. परीक्षकांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

चंद्रिका उठली. धनेश काहीतरी विचारत होता. तिनं स्कूटरची किल्ली घेतली.

दुपारचे दोन वाजले होते. खिचडी खाऊन बालवाडी झोपली होती. भिकी दारात भांडी घासत बसली होती, नणंदेला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. "बघा कशी झोपलीत," ती कौतुकानं कुजबुजली. बावीस पोरं चटयांवर ओळीनं पडली होती. छात्या वरखाली होत होत्या. पण बावीस पोरांच्या झोपेत कुणाचं नाक वाजत नव्हतं, कुणी घोरत नव्हतं, कुणी सुस्कारत नव्हतं.

खोलीत वास नव्हता. खिचडीचा नव्हता, मुताचा नव्हता, घामट केसांचा नव्हता.

चंद्रिका प्रगतीजवळ गुडघ्यांवर बसली. पोरीच्या ओठाला हळद लागली होती. चंद्रिकानं त्या उघड्या तोंडाशी नाक नेलं. आत्ता खाल्लेली खिचडी, कोवळी जीभ, झोपेतली लाळ, काहीतरी यायला हवं. काही आलं नाही.

मग तिनं मान वळवून नाक भिंतीला लावलं.

खिचडी. शेंबूड. आंबट दूध. बावीस तोंडं, एकात एक कालवलेली, ऊन ऊन. ती घाण तिच्या नाकातोंडात भसकन शिरली. बोर्ड ओला होता. तिच्या गालाला तो किंचित पुढे आल्यासारखा वाटला, आणि मागे गेल्यासारखा.

ती मागे सरकली. प्रगतीचे डोळे उघडले होते.

"आत्या," ती हसली आणि हात पुढे केला. आत्या आली की चष्मा काढून घ्यायचा, काचेवर हा करायचा आणि उठलेल्या वाफेवर बोटानं मासा काढायचा, हा तिचा जुना खेळ. चंद्रिकानं चष्मा दिला. प्रगतीनं गाल फुगवून काचेवर हा केला.

काच तशीच राहिली.

"इथं नाय होत," प्रगती म्हणाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथं होतं."

पोरांच्या उंचीवर बोर्डभर वाफ धरली होती आणि तिच्यात लहान बोटांनी काढलेले मासे होते. चंद्रिका बघत होती तोवर ते पुसट झाले. मग पुन्हा उठले.

"आता तू कर," प्रगती म्हणाली आणि चष्मा तिच्या तोंडापुढे धरला.

चंद्रिकानं हा केला. काच लख्ख राहिली. तिच्यातून प्रगतीचा हळद लागलेला ओठ अगदी स्पष्ट दिसत होता.