दोचे कधी म्हणायचं

"इथं आभाराचे शब्द दोन. कुणी चहा ओतला, दार धरलं, तर म्हणायचं 'म्गोय'. भेट दिली तरच 'दोचे'. एवढं पाठ करा, च्याओ."

मॅकबाईंचं हे बजावणं घोकत च्याओ जिना चढले. मॅकबाई हाँगकाँगात खाजगी तपासाची कामं करत. च्याओ त्यांचे मदतनीस, चीनच्या उत्तरेतून नुकते आलेले, इथल्या बोलीला नवखे. तपासासाठी बोलावणाऱ्या यिपबाईंनी चहा ओतला आणि च्याओ म्हणाले, "दोचे."

"चहाच आहे हो. घर नाही दिलं तुम्हाला."

यिपबाईंच्या सासूबाई महिन्यापूर्वी वारल्या. हातातलं जेडचं कंकण नाहीसं झालेलं. संशय साउ-फोंगवर, त्यांची सेवा करणाऱ्या बाईवर.

"आज चिंग-मिंग, पितरांचा दिवस. आईंच्या थडग्यावर जाऊन आले की मी पोलिसांत जाणार."

"कंकण सैल होतं?" मॅकबाईंनी विचारलं.

"छे, निघायचंच नाही. आई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या मनगटावर साबण वाळलेला दिसला. झोपेत काढलं असणार हिनं."

"त्या दिवशी आणखी काही?"

"हिचं 'दोचे' ऐकलं दाराबाहेरून. पाणीबिणी दिलं असेल आईंनी."

"हिचं सामान पाहिलंत?"

"कपडे, आणि लाल कागदात बांधलेला चहाचा डबा. थडग्यावर ओतायला आणला असेल."

साउ-फोंग दारात उभी होती. "कंकण मी घेतलं नाही, बाई. डबा आजींनी दिला. म्हणाल्या, चिंग-मिंगला माझ्यापाशी येऊन उघड, पहिला चहा मला ओत. मी शब्द दिलाय."

मॅकबाईंनी कप खाली ठेवला.

"घट्ट कंकण साबण लावून ओढलं, तर झोपलेलं माणूस जागं होईल. ते आजींनी स्वतः उतरवलं. आणि पाण्याला 'दोचे' म्हणणारे या घरात फक्त आमचे च्याओ. हिला त्या दिवशी भेट मिळाली. देणाऱ्यासमोर भेट उघडायची नाही, ही आपली रीत. त्यात आजींनी दिवसही नेमून दिला. काय मिळालंय, ते हिलाच ठाऊक नाही."

यिपबाईंनी डबा उचलून कलता केला. आत चहाची पानं सरकली, आणि त्यांच्यामागून काहीतरी जड, गोल, हलकेच पत्र्याला टेकलं.

त्यांची बोटं कागदाच्या घडीवर थांबली. मग त्यांनी डबा दोन्ही हातांनी साउ-फोंगपुढे धरला.

"आईंनी सांगितलंय तिथंच उघड, ताई. मी मागून येते."

च्याओंनी येताजाता उधळलेला तो 'दोचे'; मरणाऱ्या बाईनं आपल्या हातानं दिल्याची साक्ष त्याच शब्दात जपली गेली होती. त्यांनी उठून दार धरलं.

"म्गोय," साउ-फोंग हळूच म्हणाली, आणि डबा छातीशी धरून थडग्याकडे, डोंगराच्या वाटेला लागली.